दत्तक गाव

श्रमसंस्कार शिबीर म्हणजे गरजूंच्या सेवेसाठी तरुणांच्या जथ्याने परगावी जाऊन सात दिवस मुक्काम ठोकणे. अमेरिकेत हा प्रकार चर्चच्या तरुण मंडळांकडे आहे. तिथली मुले सुट्टीत पास्टरांबरोबर एखाद्या गरीब वस्तीवर, नाहीतर थेट मेक्सिकोत जातात, शाळेच्या भिंतीला रंग देतात, लहान मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि आपले आयुष्य बदलले असे सांगत परततात. भिंतीचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हेच खाते महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडे, म्हणजे एनएसएसकडे आहे. पास्टरांच्या जागी कार्यक्रम अधिकारी असतात आणि रंगाच्या जागी बहुतेक वेळा चुना.

सेवा करायला आलेला पाहुणा या मुलखाला नवा नाही. कॅनडात जन्मलेले विल्यम वान्लेस हे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये सांगलीत आले. तिथे त्यांनी छोटा दवाखाना काढला, मग मिरजेला सरकले आणि १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले. ते परत गेले १९२८ साली. म्हणजे त्यांचे शिबीर जवळपास चाळीस वर्षे चालले, आणि त्याच्या समारोपापर्यंत मिरजेचे नाव लांबलांबच्या दुखणेकऱ्यांच्या तोंडी बसले होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हिशेब उलटा मांडला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेत पोरांनी दुसऱ्याची सेवा करायला जायचे नव्हते. आपल्याच शिक्षणासाठी आपणच राबायचे होते. त्यामुळे पुढे श्रमदानाची योजना आली तेव्हा इथे श्रम ओळखीचे होते, नवलाई होती ती दानाची.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. गंमत अशी की, आदल्याच वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोतल्या कुएर्नावाका गावी सेवेला निघालेल्या अमेरिकी तरुणांपुढे भाषण केले होते. पाहुणे म्हणून खुशाल या, उपकार करायला मात्र येऊ नका, असा त्याचा रोख होता. दिल्लीला ते भाषण वेळेत पोचले नसावे. योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास सेवेला हजर. प्रत्यक्षात नियम सौम्य आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि त्या काळात एक सात दिवसांचे शिबीर केले की प्रमाणपत्र मिळते.

शिबिरासाठी महाविद्यालय एक गाव दत्तक घेते. साताऱ्यात दत्तक हा नाजूक विषय आहे. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि अख्खे राज्य खालसा झाले. आता कोणाच्याही मंजुरीवाचून तीन हजार वस्तीचे, जुन्या देवळाचे, दोन-दोन कारखान्यांना ऊस घालणारे गाव बी.ए. भाग दोनच्या पन्नास मुलामुलींना दत्तक जाते. पालकांचे सरासरी वय एकोणीस. दत्तकपुत्राच्या दारात ट्रॅक्टर उभे असतात आणि पालकांच्या सतरंज्यासुद्धा भाड्याच्या असतात.

गावाची निवड हे कौशल्याचे काम आहे. गरज हा निकष यादीत असतोच, पण त्याच्या आधी पाणी, शौचालय आणि एस.टी. येते. ज्या गावात ही तिन्ही आहेत ते गाव गरजू कसे, हा प्रश्न प्रस्तावाच्या छापील नमुन्यात बसत नाही. मुले देवळाच्या सभामंडपात उतरतात, मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत. खानापूर-आटपाडीकडे हे देऊळ बहुधा गलाईवाल्यांच्या देणगीतून उठलेले असते. चेन्नईपासून पंजाबपर्यंत सोनेचांदी गाळणाऱ्या गावकऱ्यांची नावे संगमरवरावर रकमेसह कोरलेली असतात. त्याखाली अंथरुणे पसरून सेवाभावी तरुण रात्री गावाच्या मागासलेपणावर गटचर्चा करतात.

उद्घाटन दुपारी होते, कारण प्रमुख पाहुणे सकाळी दुसऱ्या उद्घाटनाला गेलेले असतात. कामाचा शुभारंभ कुदळ मारून करायचा असतो आणि इथेच शिबिराचा पहिला तांत्रिक पेच उभा राहतो. कुदळ एक आणि हात धरायला हक्कदार पुष्कळ: संस्थेचे संचालक, प्राचार्य, सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, शिवाय ज्यांना वगळले तर पुढचे सहा दिवस पाण्याचा टँकर यायचा नाही असे एक दादा. एवढे हात एका दांड्यावर पडले की कुदळ वर जात नाही आणि खालीही येत नाही. ती जागच्या जागी थरथरते. वार्ताहर म्हणतो, ‘साहेब, एकदा परत.’ दुसऱ्या दिवशीच्या बातमीत जमीन अभंग असते आणि शिबीर उत्साहात सुरू झालेले असते.

स्वयंसेवकांचे गट पाडून त्यांना नद्यांची नावे देण्याची चाल आहे. कृष्णा गट स्वयंपाकाला, कोयना गट पाणी भरायला, वेण्णा गट साफसफाईला. येरळा गटाला काय नेमून दिले होते ते तिसऱ्या दिवसापर्यंत कोणाला आठवत नाही. नावाला जागून तो गट बहुतेक काळ आटलेला असतो.

श्रमदान सकाळी आठ ते बारा. रस्त्याची झाडलोट, शोषखड्डे, वृक्षारोपणाचे खड्डे हे नेहमीचे वार. मानाचे काम मात्र वनराई बंधाऱ्याचे. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडे शिवायची आणि पावसाळ्यानंतर ओढ्याला धार असेतो ती आडवी रचायची. मागे पाणी तुंबते, आसपासच्या विहिरींना महिना-दोन महिने आधार होतो. खर्च जवळपास शून्य. जूनमध्ये पहिला लोंढा आला की बंधारा वाहून जातो, आणि तो तसा जाणे अपेक्षितच असते. सेवेच्या दृष्टीने याहून सोयीचे बांधकाम सापडणे कठीण, कारण पुढच्या तुकडीसाठी काम त्याच जागी, त्याच मापाचे शिल्लक राहते.

या कामाची खरी देखरेख कार्यक्रम अधिकारी करत नाहीत. ती ओढ्याकाठच्या बाभळीखाली बसलेले एक म्हातारे दादा करतात. त्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नसते. पहिला दिवस ते गप्प राहतात. दुसऱ्या दिवशी पोत्यांची रांग सरळ रेषेत लागलेली पाहून त्यांना राहवत नाही. ‘आरं, सांधं एकावर एक आलं. मधी ठेवा पोतं, मधी. ईट रचत्यात तसं.’ मग ते धोतराचा काचा मारून स्वतःच पाण्यात उतरतात. बंधाऱ्यातला जो भाग मार्चपर्यंत टिकतो, तो त्यांनी सांगितल्यानंतर रचलेला असतो.

कामाचे मोजमाप केले तर तरुणांविषयी सहानुभूती वाटू लागते. एक घनमीटर माती म्हणजे साधारण दीड टन. घमेल्यात पंधरा किलो धरली तर शंभर घमेली. दोन तासांत पन्नास जण मिळून पाच-सहा घनमीटरांची उलथापालथ करतात, हाताला फोड येतात, आणि तेवढ्यात शेजारच्या रानात एक जेसीबी येऊन चहा निवायच्या आत तेवढेच काम करून जातो. गावातली लहान पोरे जेसीबी बघायला जातात. शिबीर बघायला थांबत नाहीत.

तरीही हे तरुण कामाला नवखे असतात असे समजणे चूक. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतली निम्मी-अधिक मुले शेतकऱ्यांचीच. खटावचा मुलगा जतला जाऊन खड्डे खणतो आणि जतचा मुलगा खटावला. दोघांच्याही घरी त्याच आठवड्यात हरभऱ्याची भांगलण अडलेली असते. ‘हितं जेवल्यालं ताट उचलत न्हाय आन् तिथं गटारं काढतोय व्हय?’ हा मातेचा प्रश्न सेवाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आलेला नाही, पण त्याला उत्तर आहे. घरच्या कामाचा फोटो कोणी काढत नाही, आणि घरच्या बांधावर येरळा गटातल्या मुली नसतात.

जेवण हा शिबिराचा सर्वांत यशस्वी विभाग. सरकारी अनुदान माणशी ठरलेले आणि तुटपुंजे, त्यामुळे अंदाजपत्रकात आमटी-भात आणि सकाळी पोहे एवढेच बसते. गावाला हे पहिल्याच संध्याकाळी कळते. दुसऱ्या दिवसापासून घरटी दोन-तीन भाकरी गोळा होऊ लागतात. त्यांच्या मागोमाग खर्डा, शेंगदाण्याची चटणी, पावट्याची उसळ आणि कोणाच्या तरी घरचे दही येते. शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. माणदेशाच्या बाजूला तेव्हा ज्वारी हुरड्याला आलेली असते आणि कृष्णाकाठी ऊस तुटत असतो. म्हणून चौथ्या दिवशी दुपारचे बौद्धिक रद्द करून शिबीर हुरड्याला जाते किंवा गुऱ्हाळावर. अहवालात त्याची नोंद ‘क्षेत्रभेट’ अशी होते. सात दिवसांत गावाने पन्नास जणांना किती वेळा जेवू घातले याचा हिशेब मांडला, तर कोणी कोणाची सेवा केली हा प्रश्न सुटायला वेळ लागत नाही. गावाला मात्र तो पडत नाही. आळंदीहून निघालेली पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली की फलटण, बरडपर्यंत दिंड्यांच्या पंगती उठवायची या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पन्नास पोरांचे त्याला काय ओझे.

तिसऱ्या प्रहरी सर्वेक्षण निघते. चौघांचा एक गट, हातात छापील प्रश्नावली. उंबऱ्यावर शेंगा निवडत बसलेल्या आजींपुढे गट उभा राहतो.

‘आजी, घरात शौचालय आहे का?’

‘हाय की. मागल्या वर्साला बी हुतं.’

‘वापरता का?’

‘न्हाय, पूजा करतो त्याची. बसा आधी. च्या टाकलाय.’

प्रश्नावली तिथेच थांबते आणि दुसरे सर्वेक्षण सुरू होते. ‘तू कुणाची गं?’ मुलगी सांगते, विट्याची. ‘इट्यात कुणाची?’ आडनाव येते. ‘म्हंजी तुजी आत्ती आमच्या जाऊबाईच्या म्हायारात दिल्याली.’ पंधरा मिनिटांत आजींना चौघांची गावे, आडनावे, रानाला पाणी पाटाचे की विहिरीचे, थोरल्या बहिणीचे जमले की अजून बघताहेत, हे सगळे मिळते. कागद नाही, पेन नाही, आणि माहिती बिनचूक. मुलांकडे तीन रकाने भरलेले असतात. त्यांतला एक चहा सांडून पुसला गेलेला.

बौद्धिकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दुपारी तीन वाजता, भाकरी आणि दह्यानंतर, सभामंडपाच्या गार फरशीवर व्यक्तिमत्त्व विकास, अंधश्रद्धा निर्मूलन, स्पर्धा परीक्षा आणि सापांविषयी गैरसमज या विषयांवर व्याख्याने होतात. सापवाल्यांच्या व्याख्यानाला सगळे जागे असतात.

गरजूंचा शोध मात्र शिबिराला अनेकदा चुकतो, आणि तो चुकण्याची जागा अगदी ठरलेली आहे. शिबिराचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. गावाच्या हद्दीवर, बहुधा कॅनॉलच्या कडेला, बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी पडलेल्या असतात. तिथली माणसे पहाटे थंडीत फडात उतरतात, लहान पोरे उसाच्या पाचटाशेजारी चादरीवर झोपलेली असतात, शाळेच्या वयाची मुले धाकट्यांना सांभाळत असतात. पण त्यांची नावे इथल्या यादीत नाहीत. रेशनकार्ड तिकडचे, मतदान तिकडचे, म्हणून दत्तक गावाच्या कुटुंब सर्वेक्षणात ती येत नाहीत. सभामंडप दोनदा झाडला जातो आणि खोपींकडे कोणी फिरकत नाही. एखादा धडपड्या कार्यक्रम अधिकारी खोपींतल्या मुलांसाठी संध्याकाळी दोन तास वर्ग लावतो, वह्या नेतो. त्या वर्गाचा फलक छापलेला नसतो, त्यामुळे वृत्तपत्रात तो येत नाही. सातही दिवसांत सर्वांत चांगले काम बहुधा तेच असते.

सेवासहलीचा शहरी अवतार या भागाने पाणी फाउंडेशनच्या काळात पाहिला. २०१६ च्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले तीन तालुके होते, त्यांत साताऱ्याचा कोरेगाव होता, आणि पहिला क्रमांक त्याच तालुक्यातल्या वेळू गावाने पटकावला. २०१८ मध्ये माण तालुक्यातले टाकेवाडी पहिले आले. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस गावे डोंगरउतारावर सलग समतल चर खणत, आणि १ मे रोजी शहरांतले ‘जलमित्र’ महाश्रमदानाला येत. टोपी, गॉगल, हातमोजे, सनस्क्रीन, आणि टिकाव धरण्याची अशी तऱ्हा की शेजारच्याने दोन हात लांब उभे राहिलेले बरे. त्यांच्यातच मुंबईहून आलेले माण-खटावचे माथाडी असत. बाजार समितीत रोज पोती उचलणारी ही माणसे वर्षाकाठी यात्रेला गावी येतात. ती बोलत नसत. त्यांचा चर दुपारच्या आत संपे आणि मग ती जलमित्रांचा पुरा करायला घेत. गावकऱ्यांनी मात्र दोघांनाही सारखेच गूळ-पाणी दिले. इथे शिबिरांपेक्षा काम पुढे का गेले, याचे कारण उघड आहे. चर कुठे काढायचा, किती रुंद, किती खोल, हे गावच्याच पोरापोरींनी प्रशिक्षण घेऊन फक्कीने आखून ठेवले होते. पाहुण्यांना फक्त रेषेत खणायचे होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या तालुक्यांतली गावेच्या गावे पाण्याखाली होती आणि माणसेही गेली. त्यात विनोद नाही. विनोद सुरू झाला तो पाणी उतरल्यावर, मदतीच्या ट्रकांबरोबर. महामार्गालगतच्या गावांत बिस्किटांचे इतके पुडे उतरले की गुरांनीही तोंड फिरवले, आणि आत दहा किलोमीटरवरच्या गावात काडेपेटी पोचली नाही. वापरलेल्या कपड्यांचे ढीग लागले. कृष्णाकाठच्या दमट ऑगस्टमध्ये कोणी लोकरी स्वेटर पाठवले, कोणी झगमगीत शेरवानी. पाकिटांवर देणाऱ्यांचे फोटो होते, मुख्य म्हणजे मोठे होते.

त्याच दिवसांत महाविद्यालयांची पोरे खराटे, फावडी आणि घमेली घेऊन आली आणि गाळ काढायला लागली. पुराचा गाळ ओला असतो तोवरच निघतो. एकदा वाळला की फरशीबरोबर खरवडावा लागतो. म्हणून घाई होती. उद्घाटनाला वेळ नव्हता, फलक लावायला भिंत कोरडी नव्हती. घरमालकीण उंबऱ्यात उभी राहून सांगे, आधी माजघर, मग चूल, कणगी शेवटी, देव्हाऱ्याला मी हात लावते. पोरे ऐकत. दिवसाला तीन-चार घरे मोकळी होत. ज्या मुलाने दत्तक गावात सात दिवसांत एकच खड्डा पुरा केला होता, त्याने सांगलीत गुडघाभर चिखलात चार दिवस काढले आणि प्रमाणपत्राचे तास कोणी लिहून घेतले का, हेही विचारले नाही. तास लिहून घेतले गेले नव्हते.

समारोप सातव्या दिवशी होतो. साताऱ्याकडे पाहुण्यांना कंदी पेढे देतात, सांगलीकडे भडंगाची पिशवी. मनोगते होतात. ‘मला गावाने खूप काही शिकवले’ या वाक्यापाशी एखादी मुलगी रडते, तिचे पाहून तिच्या गटातल्या दोघी रडतात, आणि भाकरी देणाऱ्या बायाही पदर डोळ्यांना लावतात. हे रडणे खरे असते. सात दिवसांत जावयासारखी बडदास्त मिळाल्यावर कोणालाही निघवत नाही.

मग अहवाल. त्यातले आकडे नेहमी पूर्णांकात येतात. ५० स्वयंसेवक, एक बंधारा, १०० खड्डे, ७ व्याख्याने, ३ फेऱ्या. रोपे खड्ड्यांत लावण्याचे काम जूनवर सोपवलेले असते आणि जूनमध्ये प्रवेशप्रक्रिया सुरू असते. अहवालाला छायाचित्रांचे परिशिष्ट जोडतात. त्यात कुदळीचा फोटो पहिला, बाभळीखालच्या दादांचा कुठेच नाही; ते फोटोच्या वेळी पाण्यात उभे राहून पोते सरळ करत होते.

साधारण तीन वर्षांनी दत्तकविधान संपते आणि महाविद्यालय दुसरे गाव शोधू लागते. पहिल्या गावाला त्याचे फारसे वाटत नाही, कारण तोवर तालुक्याच्या फार्मसी कॉलेजचे पत्र ग्रामपंचायतीत येऊन पडलेले असते. सरपंच ते वाचतात, देवळाच्या पुजाऱ्याला तारखा कळवतात आणि रिकामी पोती किती जमतील ते विचारायला बाभळीखालच्या दादांकडे माणूस धाडतात.